पायांची आग, नसांच्या गोळ्या आणि एक शंभर पानी वही



ज्ञानेंद्रियांमधला त्वचेचा भाग शिकवताना मी वर्गात दोन पेन्सिलींचा खेळ घेते. मुलांच्या जोड्या करायच्या. एकाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन बोथट पेन्सिली जवळजवळ धरून आधी बोटाच्या टोकाला आणि मग पाठीला हलकेच टेकवायच्या आणि विचारायचं, "किती?" बोटाच्या टोकावर पाच-सहा मिलिमीटर अंतर असलं तरी मुलं 'दोन' म्हणतात. पाठीवर तीन सेंटिमीटर अंतर ठेवलं तरी ठामपणे 'एक' म्हणतात. मग मी विचारते, कोपर बाकाला आपटल्यावर करंट कुठे जातो? सगळा वर्ग करंगळी दाखवतो.

इथेच धडा रंगतो. मार लागला कोपराला, मुंग्या आल्या करंगळीला. करंगळीला काहीच झालेलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला लागून एक मज्जातंतू कातडीच्या अगदी खाली असतो. तो करंगळीकडून निरोप आणणारा तंतू. त्याला मध्ये धक्का बसला, तरी मेंदूला वाटतं निरोप करंगळीनेच पाठवला. चौथीतल्या मुलाला हे कळतं. आणि एवढं कळलं की घरातल्या आजीला पायाला जखम नसताना, सूज नसताना, एक्स-रे चांगला असताना रात्री पायाची आग का होते, हेही कळतं.

या खेळानंतर दरवर्षी कुणीतरी सांगतंच, "बाई, आमची आजी रात्री पाय फरशीला लावून झोपते," किंवा "आजोबा म्हणतात तळव्याखाली कापूस ठेवलाय असं वाटतं." पालक सभेतही हा विषय हळूच निघतो. म्हणून आज शिकवण्याबद्दल थोडं आणि या दुखण्याबद्दल जास्त लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. गोळी कोणती आणि किती हे इथे वाचून ठरवायचं नाही. पण गोळी घेतल्यावर काय होतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

आधी शब्दाचा घोळ काढू. आपण मराठीत 'नस' कशालाही म्हणतो. हाताची निळी शीर म्हणजे नस, पोटरीत गोळा आला की 'नस चढली', मान आखडली की 'नस आखडली'. डॉक्टर 'नसांचा त्रास आहे' म्हणतात तेव्हा त्यांना मज्जातंतू म्हणायचं असतं, आपल्याला मात्र रक्ताची नळी किंवा स्नायू वाटतो. मग आपण मालीशवाल्याकडे जातो, नस 'बसवून' घेतो. मज्जातंतू जागेवरून हलत नसतो, त्यामुळे तो बसवताही येत नाही. तो बिघडतो. मिरज तंतुवाद्यांचं गाव आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देते. तंबोऱ्याची तार कुणी छेडली तर वाजते, हे ठीक. पण कुणी हात न लावता ती आपोआप झणझणत राहिली तर? नसांचं दुखणं म्हणजे तसं. आग, टोचणी, करंट, मुंग्या, चादर नुसती लागली तरी कळ. आणि गंमत अशी (आजीसाठी ती गंमत नाही) की त्याच पायाला बधिरपणाही असतो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.

मधुमेहात हे पायांपासूनच का सुरू होतं, हा प्रश्न मुलंही विचारतात. कारण साधं आहे. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यांत लांब, साधारण एक मीटरचे. जितका तंतू लांब, तितकी त्याची देखभाल अवघड. साखर अनेक वर्षं वाढलेली राहिली की आधी या लांब तंतूंची टोकं खराब होतात. म्हणून दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखा त्रास येतो, तो वर सरकत पोटरीपर्यंत गेला की मग हाताच्या बोटांत सुरू होतो. एकाच पायात, कमरेपासून खाली एका रेषेत कळ येत असेल तर ते बहुधा मणक्यातून दबलेल्या तंतूचं दुखणं, ते वेगळं.

आता मुद्द्याचं. या दुखण्यावर ज्या गोळ्या देतात त्या मुळात दुखण्यासाठी शोधलेल्याच नाहीत. गॅबापेंटिन आणि प्रीगॅबलिन ही फिट्सवरची म्हणून आली. कार्बामॅझेपिनही फिट्सचीच. अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन ही नैराश्यावरची. तंतूमधला विजेचा खेळ शांत करणं हे त्यांचं काम, आणि फिट असो वा पायाची आग, दोन्हींत तो खेळ बिघडलेला असतो. हे कुणी समजावून सांगत नाही. मग घरातला एखादा शिकलेला मुलगा मोबाईलवर गोळीचं नाव टाकतो, तिथे 'नैराश्य' किंवा 'फिट' दिसतं आणि घरात गहजब होतो. "आईला वेड लागलंय का? डॉक्टरने हे काय दिलं?" गोळी त्याच रात्री बंद.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या गोळ्यांचा त्रास पहिल्या दिवशी सुरू होतो आणि गुण दोन-चार आठवड्यांनी येतो. डोकेदुखीची गोळी अर्ध्या तासात लागू पडते, आपल्याला तीच सवय. इथे उलटं आहे. पहिल्या आठवड्यात गुंगी, चक्कर, तोंडाला कोरड. आग होती तेवढीच. मग माणूस काय म्हणणार? "गोळ्या गरम पडल्या, मला मानवत नाहीत." आणि सोडून देणार. म्हणजे त्रास सगळा भोगला आणि गुण यायच्या आधी दार लावून घेतलं.

माझी आई तासगाव तालुक्यात असते. मधुमेह पंधरा वर्षांपासून. जन्म द्राक्षबागेत गेला, सरळ कबूल करणाऱ्यांतली नाही. पायाची आग होते हे तिने दोन वर्षं कुणाला सांगितलंच नाही, परातीत पाणी घेऊन पाय बुडवून बसायची. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली. चौथ्या दिवशी तिचा फोन, "गोळी बंद केली. सकाळी उठलं की घर फिरतं." शेजारच्या काकूंनी 'ही फिटची गोळी' हेही सांगून ठेवलं होतं. मी साताऱ्याहून सुट्टीला गेले तेव्हा डॉक्टरांना दोघी भेटलो. त्यांनी डोस निम्मा केला, गोळी झोपायच्या वेळेऐवजी जेवणानंतर लगेच घ्यायला सांगितली, आणि दोन आठवड्यांनी वाढवू म्हणाले. एवढाच बदल. तेव्हापासून मी तिला एक शंभर पानी वही दिली आहे.

आपण शिक्षक लोक नोंदींना कंटाळलेलो असतो, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी नुसत्या आठवल्या तरी हात दुखतो. पण ही नोंद एका ओळीची आहे. तारीख, आगीला दहापैकी किती गुण, रात्री किती वेळा जाग आली, गोळी किती वाजता, आणि नवीन काही त्रास. आईची सुरुवातीची पानं अशी आहेत: "सोमवार. आग 8. तीनदा उठले. गोळी साडेआठला. सकाळी डोकं जड." पंधरा दिवसांनी: "आग 7. दोनदा. डोकं जड नाही. तोंड कोरडं." महिन्याने: "आग 5. एकदा. पाय सुजल्यासारखे, चपलेचा पट्टा घट्ट."

ही शेवटची ओळ वहीत नसती तर डॉक्टरांना कळलीच नसती, कारण आई तिथे गेल्यावर "बरं आहे" म्हणाली असती. पायाला सूज येणं हा प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिन दोन्हींचा माहीत असलेला परिणाम आहे. पण मधुमेही माणसाच्या पायाला सूज हृदय किंवा किडनीमुळेही येऊ शकते, त्यामुळे 'गोळीमुळेच असेल' असं घरी ठरवायचं नाही. डॉक्टरांनी तपासण्या करून मगच डोस ठरवला. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात गर्दी एवढी असते की आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. त्या पाच मिनिटांत महिन्याभराची गोष्ट सांगायची तर वहीसारखं दुसरं काही नाही. 8 चे 5 झाले हा आकडा डॉक्टरांना लगेच कळतो. "थोडं बरं वाटतंय" यातून त्यांना काहीच कळत नाही.

इथे अपेक्षेबद्दल बोलायला हवं. नसांची आग या गोळ्यांनी शून्यावर येणं दुर्मीळ आहे. अभ्यासांचा सरासरी हिशेब बघितला तर औषधानुसार साधारण चार ते आठ जणांना गोळी दिली तर त्यातल्या एकाचं दुखणं, गोळीच्याच गुणाने, निम्म्यावर येतं. बाकीच्यांना थोडा गुण येतो किंवा येतच नाही, मग दुसरी गोळी करून बघावी लागते. हे डॉक्टरांचं अपयश नाही आणि पेशंटचं नशीबही नाही. दहाचे सात झाले आणि रात्रीची झोप लागायला लागली, तर तो गुणच म्हणायचा. पूर्ण बरं व्हायची वाट बघणारा माणूस तीन दवाखाने बदलतो, तीन ठिकाणच्या गोळ्या एकत्र खातो, आणि मग खरा त्रास सुरू होतो.

कुठल्या गोळीला काय सांभाळायचं? प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिन: गुंगी, चक्कर, सूज, वजन वाढणं. या दोन्ही किडनीवाटे बाहेर पडतात, म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो. किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरुवात नको. दारू किंवा झोपेच्या, अफूवर्गीय गोळ्यांबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो. घरातला एखादा रोज संध्याकाळी 'घेणारा' असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. अॅमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, एकदम उभं राहिल्यावर अंधारी. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना, काचबिंदू असलेल्यांना, हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना ही गोळी जपून द्यावी लागते. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं. ड्युलॉक्सेटिनने सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतली तर कमी. आणि ट्रामाडॉल नावाची कडक वेदनाशामक गोळी काही जण मेडिकलमधून मागून घेतात. ती ड्युलॉक्सेटिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनबरोबर परस्पर घेणं धोक्याचं आहे, शिवाय तिची सवय लागते.

एक गोष्ट सगळ्यांना लागू. या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. नकोशा झाल्या, तरी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या. एकदम थांबवल्या तर झोप उडते, घाम येतो, बेचैनी होते, दुखणं उसळून येतं. गावाला जाताना गोळ्यांचं पाकीट घरी राहणं हे त्यामुळे छोटं प्रकरण नाही.

आणि पडणं. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत संडास मागच्या अंगणात आहे. गुंगीची गोळी घेतलेली, पाय बधिर असलेली सत्तरीची बाई रात्री दोनला अंधारात उठते. मांडीचं हाड मोडलं तर पायाची आग हा विषयच राहत नाही. बिछान्याशेजारी टॉर्च, जाण्याच्या वाटेवर दिवा, आणि उठताना आधी दोन मिनिटं कॉटच्या कडेला बसणं, याला पैसे लागत नाहीत.

आता घरगुती उपायांकडे येते, कारण तिथे आपण सगळेच शूर असतो. सांगली म्हणजे हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरची जमिनीखालची पेवं शाळेच्या सहलीत दाखवण्यासारखी. त्यामुळे हळदीचं दूध प्यालं की नसा मोकळ्या होतात, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. दूध जरूर प्या. पण हळदीतलं कुरक्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं, आणि नसांच्या दुखण्यावर त्याने गोळीची जागा घेतल्याचा पुरावा नाही. हळदीच्या अर्काच्या ज्या महागड्या कॅप्सूल मिळतात त्यांचं मात्र वेगळं: रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

मिरचीची गोष्ट याहून सुरस आहे, आणि वर्गात सांगण्याजोगी. मिरचीतल्या कॅप्सेसिनने तिखट का लागतं? कारण उष्णता ओळखणाऱ्या तंतूंवरचं एक कुलूप ते उघडतं. जिभेला खरंच भाजल्याचा निरोप मेंदूकडे जातो. हे कुलूप शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. याच कॅप्सेसिनचं मलम नसांच्या आगीवर वापरतात. रोज लावत राहिलं की ते तंतू दमून गप्प होतात. आधी आग वाढते, मग उतरते, म्हणजे इथेही त्रास आधी आणि गुण नंतर. फक्त हे वाचून कुणी मिरचीपूड तेलात खलून आजीच्या तळव्याला चोळू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि मधुमेही पायाची जखम भरता भरत नाही.

शेकाचंही तेच. थंडीत गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, बादलीत कढत पाणी. पायाला तापमान कळत नसेल तर पाणी आधी घरातल्या दुसऱ्याने कोपराने बघायचं, बाळाला अंघोळ घालताना बघतो तसं. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा मुक्काम करत जाते. अनेक वारकरी अनवाणी चालतात. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण मधुमेह आणि बधिर पाय असलेल्याने जूनच्या तापलेल्या डांबरावर अनवाणी चालू नये, हे मी आईला स्पष्ट सांगितलं. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, हे काम नातवाला द्यावं. मुलं ते आवडीने करतात.

एसटी स्टँडजवळच्या मेडिकलमधून 'पाय दुखतात, काहीतरी द्या' म्हणून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी नसांचं दुखणं फारसं हटत नाही, आणि त्या वारंवार घेतल्या तर किडनी व पोट बिघडतं. मधुमेह्याची किडनी आधीच ओझ्याखाली असते. बाजारात विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं देशात अनेकदा सापडलं आहे. त्याने चार दिवस फार बरं वाटतं आणि साखर आभाळाला भिडते.

काही वेळा नसांचं दुखणं औषधामुळेच येतं, हेही माहीत हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही चांगली, जुनी, स्वस्त गोळी. पण ती अनेक वर्षं घेणाऱ्यांचं जीवनसत्त्व बी-12 कमी होऊ शकतं, त्यात घर शाकाहारी असेल तर आणखी. बी-12 कमी झालं की पायाला मुंग्या येतात, आणि सगळे म्हणतात 'शुगरचंच आहे'. रक्ताच्या एका तपासणीने हे कळतं आणि बरंही होतं, उशीर केला नाही तर. क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड नसांना त्रास देऊ शकतं, म्हणून त्याबरोबर बी-6 म्हणजे पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात. ती 'नुसती ताकदीची' म्हणून टाकून देऊ नये. उलट मनानेच बी-6 च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या महिनोन् महिने खाल्ल्या तर त्यानेही नसा बिघडतात. जीवनसत्त्व आहे, जास्त खाल्लं तर काय होतंय, असं चालत नाही.

कोपराच्या त्या तंतूकडे पुन्हा जाऊ, कारण त्याचा आपल्या भागाच्या इतिहासाशी संबंध आहे. विल्यम वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर 1889 साली भारतात आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. पुढे मिरज वैद्यकीय गाव म्हणून वाढलं, 1962 पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच मिरजेत रिचर्डसन लेप्रसी हॉस्पिटल आहे. कुष्ठरोग कातडीचा रोग म्हणून आपण ओळखतो, खरा तो नसांचा रोग. कोपराचा तोच तंतू यात सुजतो, जाड होतो, दुखतो, आणि उपचार नाही झाला तर करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर. रोग बरा होतो.

पण इथेही गोळीचा त्रास आणि माणसाची भीती यांची गाठ पडते. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर होते, घाबरायचं कारण नाही. क्लोफाझिमिनने कातडी काळपट पडते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट, गोळी संपल्यावर काही महिन्यांत ते हळूहळू उतरतं. पण लग्न ठरायच्या वयाच्या मुलीला, किंवा गावाला रोग कळू नये म्हणून धडपडणाऱ्या बाईला ही किरकोळ नसते. तोंडाचा रंगच चुगली करतो. तिने गोळ्या सोडल्या तर तिला अडाणी म्हणू नका. आधीच कुणी सांगितलं असतं की रंग जाईल आणि परत येईल, तर तिने कदाचित सोडल्या नसत्या. नस सुजली की स्टेरॉइड देतात, तेही कित्येक आठवडे. त्याने चेहरा सुजतो, भूक वाढते, साखर वाढते, तरीही ते एकदम थांबवायचं नाही, पायरी-पायरीने उतरवायचं. आणि रोग पूर्ण बरा झाल्यावरही काहींना नसांची आग वर्षानुवर्षं राहते. त्याचा अर्थ रोग परत आला असा नव्हे, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करायची. आपल्या वर्गात एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला आणि तिथे पेन्सिलचा स्पर्श कळत नसेल, तर वर्गासमोर काही न बोलता पालकांना आणि आरोग्य केंद्राला कळवावं. दोन पेन्सिलींचा खेळ इथेही कामाला येतो.

नागिणीबद्दल थोडक्यात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तरी 'नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस दगावतो' हे अजून स्टाफ रूममध्येही ऐकू येतं. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू. तो नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर एका नसेच्या वाटेने बाहेर येतो. नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा सहसा मध्यरेषेवर थांबतो. मंत्र टाकणारा माणूस ते श्रेय घेतो. खरी घाई वेगळीच आहे. विषाणूवरची गोळी पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर सगळ्यांत उपयोगी. गेरू लावण्यात ते तीन दिवस गेले, तर उतारवयात पुरळ जाऊनही आग महिनोन् महिने राहण्याची भीती असते. पन्नाशीनंतर घेण्याची लस आता भारतात मिळते, महाग आहे. आणि पुरळाच्या पाण्याला हात लागला तर कांजिण्या न झालेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात, एवढं पालकांनी सांभाळावं.

शेवटी आपल्याच पेशाला जवळचं एक दुखणं. चेहऱ्याच्या नसेची कळ, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. गालात, जबड्यात विजेचा झटका आल्यासारखी कळ, काही सेकंदांची, दिवसात कितीदातरी. बोललं की येते, दात घासले की येते, मोटारसायकलवर वारा लागला की येते. दिवसभर बोलणाऱ्या माणसाला हे किती जड जातं ते सांगायला नको. दाताचंच दुखणं समजून चांगले दात काढून घेतलेले लोक आहेत. यावर कार्बामॅझेपिन चांगली लागू पडते, पण तिला सांभाळावं लागतं. एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, रक्तातलं सोडियम कमी होऊन सुस्ती येणं. गर्भनिरोधक गोळीचा असरही ती कमी करते, हे शिक्षिकांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. क्वचित होतं, पण जिवावर बेतू शकतं. 'एकदम बंद करू नका' या नियमाला हा अपवाद: अशा वेळी पुढची गोळी न घेता थेट डॉक्टर गाठायचे.

अशी गोळी नव्याने सुरू झालेल्या सहकाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे गाडी चालवू देऊ नका. घाटातल्या शाळेवर जाणारा असेल तर कुणीतरी मागे बसवून न्यावं. परिपाठ दुसऱ्याने घ्यावा, पहिल्या तासाला वाचनाऐवजी लेखनकाम ठेवावं. मुख्याध्यापकांनी तेवढी सोय केली की वैद्यकीय रजाही लागत नाही.